पिराजीनं काढलेली टिक

पिराजीबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल चार वाईट गोष्टी लिहाव्या लागतात, त्याला इलाज नाही. मी आकाराम. पेठेत मला आण्णा म्हणतात. वीज मंडळात चौतीस वर्षं काढली आणि लाइन सुपरवायझर म्हणून रिटायर झालो. आवाज मोठा, डोकं तापट, आणि समोरच्याला वाक्य पुरं करू द्यायचं नाही, ही माझी ख्याती. घरातनं बाहेर पडताना मी तीनदा बटणं बघतो. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की माझं पित्त खवळतं. आमची मंडळी म्हणते, "ह्यांच्या पुढं देवाचा दिवा बी भीतभीत जळतोय." आजवर मी ते हसण्यावारी नेत आलो होतो.

पिराजी म्हणजे आमच्या पेठेतला इंटरनेटवाला. मूळचा पन्हाळ्याच्या पायथ्याचा. चौदा वर्षांचा असताना बापानं कुस्तीसाठी आणून आमच्या तालमीत सोडला. तिथंच झोपायचा, तिथंच मेहनत करायचा, आणि पेठेतल्या चार घरांतनं त्याची भाकरी यायची. त्यातलं एक घर आमचं. माझी आई त्याला दुधाचा तांब्या द्यायची आणि संपेपर्यंत समोर बसून राहायची. एकविसाव्या वर्षी खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. गावाकडं जायला तोंड नव्हतं, म्हणून केबलवाल्याकडं वायर ओढायला लागला. आधी टीव्हीची वायर, मग इंटरनेटची काचेची वायर. सव्वीस वर्षं झाली. कुणाच्या कुठल्या भिंतीला भोक आहे आणि कुठल्या गच्चीवरनं उडी मारली की पुढच्या गल्लीत उतरता येतं, हे त्याला पाठ. बोलायचा कमी. विचारलं तेवढं सांगायचा आणि काम झालं की निघायचा. चहा घे म्हटलं तर दारातच उभ्यानं प्यायचा.

एकवीसच्या महापुरात पंचगंगा आमच्या गल्लीत शिरली तेव्हा मी दवाखान्यात होतो, घरात मायलेकी दोघीच. कंबरभर पाण्यातनं हा आला आणि माझा कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन माडीवर नेऊन ठेवला. टीव्ही राहिला खाली, फ्रिज राहिला. आमची मंडळी म्हणाली, "अरं, फ्रिज महागाचा हाय." तर हा म्हणाला, "काकी, स्वप्नालीचा अभ्यास ह्याच्यात हाय." एका हातानं उचलला होता त्यानं, कारण दुसरा हात खांद्याच्या वर जात नाही.

त्याच कॉम्प्युटरपायी मी त्या माणसाचं काय केलं ते आता सांगतो.

रिटायर झाल्यावर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला. वर्गात सगळी नातवंडांच्या वयाची पोरं, पण पहिला नंबर माझा. त्यामुळं मस्ती चढली. घरी येऊन रोज मी त्या मशीनची एकेक खोली उघडून बघायचो. असंच एकदा शोधता शोधता एका पानावर पोचलो. नेटवर्क कार्ड म्हणून आत एक पट्टी असते, इंटरनेटची वायर जिथं लागते ती. तिच्या पानावर एक चौकोन होता आणि पुढं लिहिलं होतं की, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी कॉम्प्युटरला द्या. वीज वाचवण्यासाठी! मला कुणीतरी घरी येऊन शाल घातल्याचा आनंद झाला. लगेच टिक केली. त्याबरोबरच, दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर मशीन झोपावं, असंही करून ठेवलं. जेवताना घरात दोघींना सांगितलंसुद्धा, "बघा, मशीनला बी शिस्त लावली."

त्या आठवड्यापासनं नेट जायला लागलं. सकाळी चालू असायचं, जेवून परत येऊन बसलो की बंद. मशीन बंद करून चालू केलं की परत यायचं. मी पिराजीला फोन केला. फोन कसला, शिव्याच. तो आला, राउटर बघितला, मोबाईल काढून दाखवला.

"आण्णा, वायफाय चालू हाय की. बघा, माझ्या मोबाईलात पळतंय."

"मला तुझा मोबाईल दाखवू नकोस. माझ्या मशीनवर का न्हाय?"

त्यानं वायरचं टोक कापून नवीन जॅक बसवला, समोरच्या खांबावर चढून पेटी उघडून बघितली, आणि गेला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर परत नेट बंद.

दुसऱ्या खेपेला तो कॉम्प्युटरपुढं बसला. मी मागं उभा. एकेक पान उघडत उघडत तो बरोबर त्या चौकोनावर आला.

"आण्णा, हितं एक टिक हाय. ही कार्डाला झोपवती. मशीन उठतंय, पर कार्ड उठंना. म्हणून तुम्हाला नेट दिसत न्हाय. काढतो ही."

"हूं," म्हटलं मी. त्यानं टिक काढली. "ही परत लावू नका बरं का," एवढं म्हणाला आणि गेला.

आता खरं सांगायचं तर मला राग आला. ती टिक मी लावली होती. चौतीस वर्षं विजेत काढलेल्या माणसाला वीज कशी वाचवायची हे केबल ओढणाऱ्यानं शिकवायचं? माझ्या घरात येऊन, माझ्या मशीनमधलं, मी केलेलं काढायचं, आणि वर 'लावू नका' म्हणायचं? तो जिना उतरून गल्लीच्या तोंडाशी पोचला नसेल, तोवर मी टिक परत लावली. मंडळी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिला म्हटलं, "खांबावर चढायचं सोडून आता मशीन शिकवायला लागलाय." ती म्हणाली, "सांगतोय ते ऐकावं की जरा." मी ऐकलं नाही.

माझी मुलगी स्वप्नाली. केमिस्ट्रीत एमएस्सी झाली, वर्गात पहिली. पुण्यातल्या एका मोठ्या औषध कंपनीत तिची निवड होत आली होती. दोन फेऱ्या झालेल्या, तिसरी शेवटची, घरूनच, व्हिडिओवर. ती म्हणाली, "पप्पा, मी मोबाईलवरनंच देतो." आमच्याकडं पोरी अशाच बोलतात, देतो, जातो, आलो. मी म्हटलं, "मोबाईलवर मुलाखत देतात व्हय? मोठ्या स्क्रीनपुढं बस, नीट खुर्चीत." मी स्वतः खुर्ची पुसली, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.

अकराला ती जोडली गेली. समोर आलं की, थोडं थांबा, तुमचा नंबर आला की घेऊ. ती थांबली. हाताची घडी घालून, कागदावरचं पुटपुटत. मशीनला हात कशाला लावेल? दहा मिनिटं झाली आणि पडदा काळा झाला. तिनं माउस हलवला, पडदा उजळला, पण नेट नाही. तिनं हाक मारली, मी धावलो. मशीन बंद करून चालू केलं, ते जुनं, त्याला पाच मिनिटं लागली. ती मोबाईल शोधायला पळाली, त्यावर मुलाखतीची ईमेल उघडून जोडली जाईपर्यंत तिचा नंबर येऊन गेला होता. पलीकडच्या बाईनं सांगितलं की, उमेदवार हजर नव्हता अशी नोंद झाली आहे, क्षमस्व. स्वप्नाली खुर्चीतच बसून राहिली, मोबाईल हातात धरून. रडलीसुद्धा नाही आधी.

मी डोक्यात राख घातली. पिराजीला फोन करून "आत्ताच्या आत्ता ये" म्हणून बोलावलं. दहा मिनिटांत आला. मी काय काय बोललो ते सगळं लिहवत नाही. त्यात त्याच्या तालमीतल्या भाकरीचाही उद्धार केला, आमच्या घरचं खाऊन आमच्यावरच उलटलास, असं म्हणालो. माझी आई ऐकायला नव्हती ते बरंच. तो काही न बोलता कॉम्प्युटरपुढं बसला. दोन-तीन पानं उघडली. मग थांबला. स्वप्नाली बाजूला भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, पान बंद केलं आणि उठला.

"लाइनीत फॉल्ट न्हाय, आण्णा."

"मग काय माझ्यात फॉल्ट हाय?"

तो गप्प राहिला. ते गप्प राहणं मला चोराचं वाटलं.

आमच्या पेठेत भांडण चौकीत जात नाही. शनिवारी मारुतीची आरती झाली की तालमीच्या दारात सतरंजी पडते. ज्याची तक्रार आहे त्यानं उभं राहून बोलायचं, ज्याच्यावर आहे त्यानं उभं राहून उत्तर द्यायचं, आणि वस्ताद म्हणतील ते दोघांनी ऐकायचं. विजयसिंह आमचे वस्ताद. त्या शनिवारी मी तक्रार घातली. गल्लीत आधीच बोभाटा झालेला, त्यामुळं साठ-सत्तर माणसं जमली. बाया समोरच्या ओट्यावर. स्वप्नाली येत नव्हती, मी तिला हाताला धरून नेली. म्हटलं, तुझं वाटोळं कुणी केलं ते लोकांना बघू दे.

मी उभा राहिलो आणि माझा तो आवाज लावला. "हा माणूस तीनदा आला, तीनदा झालं म्हणून गेला. काम न करता तक्रारी बंद करतोय. माझ्या पोरीची नोकरी गेली. हा पेठेला फसवतोय!" लोक हं हं करत होते. मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला खरंच बरं वाटत होतं.

वस्ताद म्हणाले, "पिराजी, तुझं काय म्हणणं हाय?"

ज्या तालमीत तो लहानाचा मोठा झाला, तिच्याच दारात तो हात मागं बांधून उभा होता. म्हणाला, "लाइनीत फॉल्ट न्हाय, वस्ताद."

"मग कुठं हाय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग ओट्याकडं, स्वप्नाली उभी होती तिकडं. "ते मला सांगता येणार न्हाय," म्हणाला.

झालं. माणसं कुजबुजायला लागली. कुणीतरी मागनं म्हणालं, "म्हणजे काहीतरी हाय." वस्तादांनी सांगितलं की, राजवर्धनला निरोप द्या, पेठेतली लाइन दुसऱ्या माणसाकडं दे. राजवर्धन म्हणजे त्या इंटरनेटचा मालक. पिराजीनं मारुतीला लांबूनच हात जोडले, चपला घातल्या आणि गेला. चार दिवसांनी कळलं की त्याला चंदगडला धाडलं. तिकडं नवीन लाइन टाकायची होती आणि त्या पावसात जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. घरी बायको आणि म्हातारी आई, आणि हा सत्तेचाळीसाव्या वर्षी एका खांद्यावर चंदगडच्या रानात खांब चढायला.

त्याच्या जागी सम्मेद आला. शिरोळकडचा, शिकलेला, तिशीतला माणूस. मीच बोलावला, कारण नेट अर्थातच अजून जातच होतं, आणि आता शिव्या द्यायला पिराजी नव्हता. स्वप्नाली तेव्हा घरी नव्हती, एका लॅबमध्ये तात्पुरती लागली होती. सम्मेदनं आधी एक वही उघडली.

"ही पिराजीकाकांची वही. कुठल्या घरात काय झालंतं, सगळं लिवलंय त्यांनी. लय उपयोग होतोय बघा." त्यानं पानं उलटली आणि सरळ मोठ्यानं वाचलं. "आकाराम आण्णा. कार्डाची टिक काढली. नेट चालू." खाली दुसरी तारीख. "टिक परत लावल्यात. बोललो न्हाय."

ती दुसरी तारीख मुलाखतीची होती.

सम्मेदनं टिक काढली आणि मशीन झोपवून उठवून दाखवलं. नेट आलं. परत झोपवलं, परत उठवलं, परत आलं. "एवढंच हुतं की काका," म्हणाला आणि निघून गेला. ती टिक मी विसरलो होतो असं नाही. मला पक्की आठवत होती. पण तिचा आणि नेटचा संबंध मी मनात येऊच दिला नव्हता, कारण तो आला असता तर पिराजी बरोबर ठरला असता. मंडळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. एरवी दहा वाक्यं बोलली असती. एकच बोलली.

"उद्या पहाटची गाडी हाय चंदगडला."

एसटीनं गेलो. गडहिंग्लजच्या पुढं पाऊस सुरू झाला तो थांबलाच नाही. विचारत विचारत एका काजूच्या कारखान्यामागं त्याची खोली सापडली. भिंतींना ओल, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि खाली वायरींची भेंडोळी. तो स्टोव्हपुढं बसून ओले जॅक शेकवत होता. मला बघून चटकन उठला.

"आण्णा? पावसात कशाला आलासा? बसा, बसा की. घरात सगळी बरी हाईत नव्हं? स्वप्नाली बरी हाय?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टिक मी लावली, तू काढलीस, मी परत लावली, आणि सत्तर माणसांत तुझं नाव घालवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं.

"मला म्हाईत हुतं की."

"मग बोलला का न्हाईस? वस्तादांनी विचारलं तवा सांगायचंस. माझ्या तोंडावर सांगायचंस!"

बघा, तिथंही माझा आवाज चढला. तो हळूच म्हणाला, "पोरगी समोर उभी हुती, आण्णा. तिची नोकरी तिच्या बापानंच घालवली, हे मी सगळ्यांम्होरं कसं सांगू? मला काय, मी दुसरीकडं जाईन. तिला त्याच घरात ऱ्हायाचंय." मग चहा गाळता गाळता म्हणाला, "आता बी तिला सांगू नका. झालं ते झालं."

मी चहा प्यालो आणि परत आलो.

आणि आता जे सांगायचं आहे ते सगळ्यात वाईट. परत आल्यावर मी आठ दिवस गप्प बसलो. पिराजीच म्हणाला ना, सांगू नका म्हणून? त्याच्या त्या वाक्यामागं मी लपलो. तालमीत सांगायचं तर स्वप्नालीला कळणार, आणि तिला कळू नये ही तर त्याचीच इच्छा, असं मी स्वतःला पटवत होतो. त्याची माया मी माझ्या सोयीला वापरली. एरवी सकाळी कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जातो, ते बंद केलं, माणसं भेटतील म्हणून. मंडळी काही बोलत नव्हती, ताट वाढायची आणि आत जायची. नवव्या दिवशी मी वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलं. स्वप्नाली कामावरनं आली तेव्हा तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. टिकेचंही आणि त्या आठ दिवसांचंही.

मला वाटलं होतं ती ओरडेल, रडेल, पुण्याच्या नोकरीचं काढेल. तिनं नोकरीचा शब्द काढला नाही.

"पप्पा, त्या दिवशी तालमीतनं जाताना पिराजीकाका ओट्यापाशी थांबले होते. मला म्हणाले, पोरी, लय वाईट झालं बघ तुझं. आणि मी त्यांना काय बोललो म्हाईताय? तुम्ही परत तोंड दाखवू नका म्हणालो मी. माझा अभ्यास पुरातनं वाचवला त्या माणसाला. तुम्ही मला बी त्यात ओढलंसा, पप्पा."

हे मला माहीतच नव्हतं. मी तिला हाताला धरून नेलं होतं, ते ह्यासाठी. मी तिची माफी मागितली तर ती उठून आत गेली. आजही माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि त्याबद्दल मला काही म्हणायला तोंड नाही.

पुढच्या शनिवारी मी वस्तादांना सांगून उभा राहिलो. आरतीला होती ती माणसं निघून जात होती. "आण्णा माफी मागणार हाईत" म्हटल्यावर कुणाला थांबावंसं वाटेना. सतरंजीवर नऊ जण उरले, त्यातले दोघं मोबाईलवर. मी सगळं सांगितलं. मी खोटं बोललो, पिराजी खरं बोलत होता, फॉल्ट माझा होता. आवाज बसला होता, मागच्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. वस्ताद म्हणाले, "माझं बी चुकलं. घाई केली." मग त्यांनी तिथनंच राजवर्धनला फोन लावला आणि राजवर्धन म्हणाला की, उद्यापासनं पिराजी परत पेठेत.

मी लगेच पिराजीला फोन केला. आनंदानं सांगितलं, "ये परत. सगळं मिटलं."

"किती माणसं हुती, आण्णा?"

मी सांगितलं. नऊ.

तो म्हणाला, "मग नको. हितंच बरं हाय. हितं मला कोण वळखत न्हाय. तिथं प्रत्येक जिन्यात चढताना ह्या माणसाला खरं कळलंय का न्हाय, ह्येच बघत बसीन मी. कुणाच्या घरात आता मान वर करून शिरायचं, आण्णा?"

सव्वीस वर्षं जो माणूस पेठेतल्या कुठल्याही घरात दार न वाजवता शिरायचा, तो हे म्हणत होता.

रविवारी मी कागद घेऊन बसलो. त्या पहिल्या शनिवारी तालमीपुढं कोण कोण होतं, ते आठवून आठवून लिहिलं. मंडळीनं ओट्यावरच्या बायांची नावं सांगितली. अडुसष्ट झाली. आता रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी जातो. दार वाजवून सांगतो की, पिराजीबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं. कुणी म्हणतं, "सोडा की आण्णा आता." कुणी चहा पाजतं आणि विषय बदलतं. एकानं तर हसून विचारलं, "एवढ्याशा टिकेसाठी एवढं?"

काल आठव्या घरी गेलो. दूधवाल्या केरबाचं घर. तो दारातच धार काढायच्या बादल्या धूत होता. मी म्हटलं, "केरबा, पिराजीचं जरा सांगायचं होतं."

"कोण पिराजी? त्यो व्हय, वायरी चोरून विकायचा त्यो?"

"वायरी चोरून? कोण म्हणालं तुला?"

केरबानं बादली खाली ठेवली आणि माझ्याकडं नवलानं बघितलं.

"आता काय सांगू, तुमीच म्हणालासा की आण्णा, तालमीत. पेठेला फसवतोय म्हणून. समद्या गल्लीला म्हाईत हाय."

मी त्याच्या उंबऱ्यावर बसलो. आधीच्या सात घरांत मी आळशीपणाचा आळ पुसून आलो होतो, आणि त्या माणसांच्या मनात तो कशाचा होता हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. केरबानं पाण्याचा तांब्या आणून दिला. दोन घोट प्यालो आणि त्याला म्हटलं, "बस जरा. पहिल्यापासनं सांगतो." आज परत पहिल्या घरापासनं सुरुवात केली आहे.